डॉक्टरांच्या नावावर माझा आवाज

विषय : डॉक्टरांनी बोललेले लिहून घेणाऱ्या सॉफ्टवेअरचा वापर, त्यातील अडचणी व त्यावरील उपाय याबाबत.

संदर्भ : १) मोठ्या डॉक्टरांचा तोंडी आदेश. २) सिंधू सिस्टरांच्या वेळोवेळीच्या तोंडी तक्रारी. ३) कंपनीकडे केलेला अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, दौंडच्या एका तरुण डॉक्टरांकडे हेच सॉफ्टवेअर येणार आहे आणि ते वापरण्याच्या सूचना लिहून द्या, असं आमच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी मला सांगितलं. मी कोरा कागद घेतला, 'सूचना क्रमांक एक' असं लिहिलं आणि त्या सूचनेमागचा किस्सा आठवला. दुसऱ्या सूचनेचंही तेच झालं. किस्से जुन्या फायलींसारखे साचतात. कुणी मागत नाही, कुणी टाकू देत नाही, आणि एक ओढायला जावं तर वरच्या चार अंगावर येतात. तेव्हा सूचना मधेमधे सापडतील, त्या वेचून घ्याव्यात ही विनंती.

मी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत लिपिक होतो. निवृत्तीनंतर घोडनदीत, म्हणजे कागदावरच्या शिरूरमध्ये, पुस्तकं वाचत आणि बायकोची बोलणी खात सुखात राहत होतो. ही बोलणी खायला मिळतात ती मोठ्या डॉक्टरांमुळे. काही वर्षांपूर्वी तळेगाव ढमढेऱ्याच्या आठवडे बाजारात ही एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातानं जबडा धरून उभी होती. दात दुखतोय, यावर आम्हा दोघांचं एकमत होतं, आणि आमच्यात एकमत क्वचितच होतं. समोरून मोठे डॉक्टर मेथीची जुडी घेऊन येत होते. त्यांनी हिच्या कपाळावरचा घाम पाहिला, मेथी माझ्या हातात दिली आणि हिला आपल्या गाडीत बसवलं. तो दात नव्हता, हृदय होतं.

ती मेथी परत द्यायची राहून गेली.

गेल्या वर्षी डॉक्टरांचा उजवा हात थरथरायला लागला. तपासणी अडत नव्हती, लिहिणं अडलं. त्यांचं अक्षर पूर्वीही मेडिकलवाल्याशिवाय कुणाला लागत नव्हतं, आता त्यालाही लागेना. त्यातच दवाखाना चालवणाऱ्या ट्रस्टनं ठरवलं की यापुढे सगळे केसपेपर कॉम्प्युटरवर. ट्रस्टचे अध्यक्ष आप्पा बागायतदार माणूस, बोलणं सरळ.

"डॉक्टर, हात चालंना तर मशीन आणू. तुम्ही बोला, ते लिवंल. सहा म्हैने बघू. जमलं तर ओपीडी तुमची. न्हाई जमलं तर मग तुम्ही आराम करा."

आराम या शब्दाला डॉक्टर जेवढे घाबरले, तेवढे ते कुठल्या आजाराला घाबरलेले मी पाहिले नाहीत. त्यांची ओपीडी बंद झाली तर ज्यांना जमेल ते पुण्याला जाणार आणि बाकीचे अंगावर काढणार, हे त्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी ते माझ्या घरी आले.

"भाऊसाहेब, मला कॉम्प्युटर येत नाही. पण ओपीडी सोडायची नाही. तुम्ही याल?"

मला मेथी आठवली. म्हटलं, "उद्यापासून येतो."

* * *

मशीन म्हणजे एक लॅपटॉप आणि बगळ्यासारख्या मानेचा एक माइक. डॉक्टर पहिल्या दिवशी बोलले तर पडद्यावर उमटलं : आवाज फार क्षीण आहे. डॉक्टर मोठ्यानं बोलले. आवाज फार क्षीण आहे. डॉक्टर ओरडले. बाहेरच्या बाकावरचे दोन पेशंट बरे होऊन घरी गेले, मशीनला मात्र आवाज क्षीणच.

कंपनीच्या मदतकेंद्रात मिश्राजी नावाचे एक गृहस्थ आहेत. फारच सोशीक. त्यांना फोन लावला. "केबल निकालिए, फिर लगाइए." लावली. "दूसरे पोर्ट में लगाइए." लावली. "सेटिंग में देखिए, कौन सा माइक चुना है." पाहिलं, बाहेरचाच होता. "लॅपटॉप बंद करके चालू कीजिए." केला. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी सखाराम आबा गुडघा दाखवायला आले. आबांची हयात मेंढरांमागं गेलेली, आता शेती करतात. त्यांनी गुडघ्याआधी माइककडे निरखून पाहिलं.

"डॉक्टर, ह्याला मुस्कं बांधलंय की. मुस्कं बांधून चर म्हणताय. कसं चरंल?"

माइकच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी होती, वर रबर. सिंधू सिस्टरांनी धूळ बसू नये म्हणून बांधलेली. आठ दिवस आम्ही तिघं त्या पिशवीकडे बघत होतो आणि कुणालाही ती खटकली नव्हती. खटकणार कशी? दवाखान्यातल्या खुर्च्यांचं प्लास्टिक निघालेलं नाही, वजनकाट्याचं नाही, आणि आमच्या घरी टीव्हीचा रिमोट तीन वर्षं तसाच आहे.

सूचना क्रमांक एक : माइक उघडा असावा आणि ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर असावा. अगदी तोंडासमोर धरला तर श्वासच लिहायला बघतो.

सिस्टरांनी पिशवी काढली, चौपदरी घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. "लागंल परत," म्हणाल्या.

* * *

पुढचा किस्सा माझ्या चुकीचा आहे. तो लपवला असता, पण संदर्भ क्रमांक तीन त्यातूनच निघाला.

मुस्कं निघाल्यावर मिश्राजी म्हणाले की, आता डॉक्टरांनी पडद्यावरचा मजकूर वीस मिनिटं वाचून दाखवायचा, म्हणजे मशीन त्यांचा आवाज ओळखायला शिकेल. बाहेर ओपीडी खच्चून भरलेली. डॉक्टर म्हणाले, "भाऊसाहेब, तेवढं तुम्ही उरकून टाका."

आता माझा पूर्वेतिहास लक्षात घ्या. चौतीस वर्षं मी साहेबांच्या नावानं सगळं उरकत आलो. साहेबांचं भाषण मी लिहिलं, साहेबांच्या रजेचा अर्ज मी लिहिला, साहेबांच्या मुलीचा पर्यावरणावरचा निबंध मी लिहिला आणि तिला बक्षीस मिळालं. साहेबांनी वाचायचा मजकूर लिपिकानं वाचला तर काही बिघडतं, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. मी शेजारच्या खोलीत बसून वीस मिनिटं खणखणीत वाचन केलं. शेवटी मशीन म्हणालं : धन्यवाद, डॉक्टर.

खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बोलले आणि पडद्यावर जे उमटलं ते कुठल्याच भाषेत नव्हतं. डॉक्टरांचं बोलणं मुळात पळतं, अर्धं वाक्य मिशीत राहतं. मी तेच वाक्य म्हणून पाहिलं. लख्ख उमटलं. मशीननं डॉक्टर म्हणून मला ओळखलं होतं आणि खुद्द डॉक्टर त्याच्या लेखी परके होते.

मिश्राजींना खरं काय ते सांगितलं.  ते म्हणाले की एका डॉक्टरच्या नावावर एकच आवाज चढतो. उतरवायचा असेल तर रीतसर अर्ज करा. अर्ज केला. तो मंजूर होईपर्यंत काय करायचं? डॉक्टर मला सांगणार, मी मशीनला सांगणार, मशीन लिहिणार.

सिंधू सिस्टर म्हणाल्या, "म्हणजे पहिल्यासारखंच की ओ भाऊसाहेब. साहेब बोलणार, क्लार्क लिहिणार. मधी मशीन वाढलं, एवढंच."

* * *

गुरुवारी मोठे डॉक्टर दौंडला बसतात. रेल्वेच्या यार्डाला लागून दोन खोल्या आहेत. मी लॅपटॉप आणि माइक मांडीवर घेऊन त्यांच्या गाडीतून जातो.

दौंडच्या माणसाची एक सवय आहे. बोलता बोलता गाडी आली की तो थांबतो. तोंड उघडं, हात हवेत. गाडी गेली की राहिलेल्या शब्दापासून पुढं बोलतो. मधे काही झालं हे त्याच्या गावीही नसतं. मोठे डॉक्टर इतकी वर्षं तिथं बसतात, त्यांनाही तीच सवय जडलीय.

मशीनला मात्र ही सवय नव्हती. थोडा वेळ शांतता झाली की माइक झोपतो, अशी त्यात सोय आहे. बाहेर मालगाडी लागली की डॉक्टर थांबायचे, मी थांबायचो, पेशंट थांबायचा आणि माइक झोपायचा. गाडी गेल्यावर आम्ही उरलेला केसपेपर झोपलेल्या माइकला सांगायचो. असे पाच-सहा केसपेपर निम्मेच उमटले.

मिश्राजी म्हणाले, सोपं आहे, झोपायची वेळ वाढवून देतो. "कितने सेकंड की शांति चाहिए, सर?"

मला आकडा सांगता येईना. समोर तपासायला बसलेले गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड होते. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"देखिए साहब, वह डिपेंड करता है. डिब्बे कितने हैं, लोडेड है या खाली, और सिग्नल मिला है या आउटर पे खड़ी है."

मिश्राजींनी हे सगळं लिहून घेतलं असावं. कारण तक्रार मिटल्याचा जो मेसेज आला, त्यात उपाय या रकान्यासमोर लिहिलं होतं : एक पूरी मालगाड़ी.

तेव्हापासून दौंडला माइक झोपलेला नाही.

* * *

या सॉफ्टवेअरला मराठीही कळतं. त्यामुळे केसपेपर इंग्रजीत करायचा आणि पेशंटनं घरी काय पाळायचं तो कागद मराठीत छापून द्यायचा, अशी आमची पद्धत. यातली सूचना साधी आहे : नातेवाईक बोलायला लागले की माइक बंद करावा. ती सूचना मला कशी सुचली ते सांगतो.

पाटसहून किसनराव म्हणून एक गृहस्थ आले. रक्तदाब चढलेला. बरोबर मुलगा, सून, शेजारी आणि गाडी चालवणारा. आपल्याकडे पेशंट एकटा येत नाही, पंचनाम्याला यावं तसं सगळे येतात. मी "मीठ कमी, लोणचं बंद" एवढं म्हणालो, आणि किसनराव माइकवर झुकून सावकाश, स्पष्ट बोलायला लागले. ओपीडी भरलेली होती. कागद छापला, डॉक्टरांनी थरथरत्या हातानं सही केली, सिस्टरांनी शिक्का मारला, मंडळी गेली. आम्ही कुणी तो वाचला नाही.

आठ दिवसांनी सून एकटी आली. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलेला. तिनं तो टेबलावर ठेवला.

"डॉक्टर, हे वाचा."

डॉक्टरांनी वाचला. मीठ कमी. लोणचं बंद. मी कुठं लोणचं खातो. सूनबाईच वाढती. मी नको नको म्हणत असतो. रोज अर्धा तास चालणे. खाली सही आणि शिक्का.

"आल्यागेल्याला वाचून दाखवत्यात मामंजी," ती म्हणाली. "म्हणत्यात, बघा, डॉक्टरनीच लिवून दिलंय. माझा भाऊ आला हुता, त्यालाबी दाखवलं. सही-शिक्क्याच्या कागदापुढं मी काय बोलणार?"

डॉक्टरांनी कागद उलटा ठेवला. म्हणाले, "चूक आमची आहे, पोरी. काय करूया?"

"माझंबी लिवून घ्या."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. ते जे म्हणतील ते मी म्हणायचं, अशी आमची पद्धत. पण त्या दिवशी ते म्हणाले, "ती म्हणेल ते म्हणा."

नवा कागद निघाला. मीठ कमी. लोणचं बंद. लोणच्याची बरणी मामंजींच्या खाटेखाली आहे. रोज अर्धा तास चालणे. सही, शिक्का.

पुढच्या महिन्यात किसनराव आले ते जरा गप्प गप्प होते. रक्तदाब उतरला होता.

* * *

मशीनमध्ये एक रकाना आहे : त्रास कधीपासून. तिथं तारीखच लागते. आमच्या पेशंटला तारीख विचारली की तो वर आढ्याकडे बघतो आणि म्हणतो, "मोळी टाकली तवापासून." साखर कारखान्याचा हंगाम सुरू होतो तेव्हा उसाची पहिली मोळी टाकतात, तो दिवस. नाहीतर मग मेंढरं परत आली तवापासून, नाहीतर कांदा काढला तवापासून. मशीन हे काही घेत नाही.

या सॉफ्टवेअरमध्ये एक चांगली सोय आहे. एखादा शब्द ठरवून द्यायचा आणि त्याच्याजागी काय उमटायचं तेही ठरवून द्यायचं. मी कारखान्याचा हंगाम सुरू व्हायची जाहीर झालेली तारीख भरली. आता पेशंट म्हणाला मोळी, मी म्हणालो मोळी, की मशीन तारीख लिहून मोकळं. डॉक्टर खूश झाले. मी चार दिवस ताठ मानेनं फिरलो.

काही दिवसांनी डॉक्टर म्हणाले, "भाऊसाहेब, यंदा खोकला लांबतोय लोकांचा. प्रत्येकाचा महिना होत आलाय. इतके दिवसांचा खोकला म्हणजे थुंकी तपासायला पाठवलीच पाहिजे." त्या आठवड्यात नऊ जणांना पाठवलं.

दहावा पेशंट होता सखाराम आबांचा पुतण्या. "खोकला कधीपासून?" "मोळीपासून." डॉक्टर म्हणाले, "म्हणजे महिना झाला." तो म्हणाला, "कुठला म्हैना? मोळी टाकून पंधरा दीस न्हाई झालं. यंदा हंगाम लांबला न्हवं का."

हंगाम तीन आठवडे लांबला होता. मी जाहीर झालेली तारीख भरली होती, झालेली नव्हे. सरकारी सवय. त्यामुळे तालुक्यातला प्रत्येक खोकला कागदावर तीन आठवडे आधी सुरू झाला होता. मी घाम पुसत उभा राहिलो. तेवढ्यात सिंधू सिस्टर नऊ जणांचे रिपोर्ट घेऊन आल्या. आठ जणांना काही नव्हतं. नववा एक ऊसतोड कामगार, त्याला क्षय निघाला. अगदी सुरुवातीचा. नुसतं खोकल्याचं औषध देऊन पाठवला असता तर महिनाभर तो परत आलाच नसता, आणि तोवर ऊस तोडत तोडत दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असता.

डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. चष्मा काढला.

"भाऊसाहेब, ती तारीख दुरुस्त करा."

"आत्ता करतो."

"एवढी काही घाई नाही," ते म्हणाले.

तो माणूस न चुकता औषधं घेऊन बरा होतोय. येताना दर वेळी उसाची एक कांडी आणतो आणि ती मलाच देतो. त्याला ही हकिकत कुणी सांगितली, ते मला माहीत नाही. सिस्टर नाही म्हणतात.

* * *

दरम्यान अर्ज चालू होता.

पहिला अर्ज परत आला, डॉक्टरांची सही जुन्या सहीशी जुळत नाही म्हणून. हात थरथरतो म्हणूनच मशीन घेतलंय, असं कळवलं. त्यावर कंपनीनं कळवलं की हरकत नाही, सहीऐवजी आवाजानं ओळख पटवा. आम्ही फोन करू, डॉक्टरांनी तीन वाक्यं म्हणावीत, नोंदलेल्या आवाजाशी जुळली की अर्ज पुढे सरकेल.

तुमच्या लक्षात आलं असेलच. आमच्या लक्षात यायला फोन यावा लागला.

डॉक्टरांनी तीन वाक्यं म्हटली. फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली की आपण डॉक्टर नाही. डॉक्टरांनी पुन्हा म्हटली. आपण डॉक्टर नाही, कृपया डॉक्टरांना फोनवर बोलवावं.

चाळीस वर्षं प्रॅक्टिस केलेल्या माणसानं फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही म्हणून टाका तीन वाक्यं."

तिथं मात्र मी नाही म्हणालो. साहेबांच्या नावानं सगळं उरकलं, पण मीच साहेब आहे असं मी कुणाला सांगितलेलं नाही. तरी माझी सहानुभूती डॉक्टरांना होती. दर नोव्हेंबरात मी बँकेत जाऊन स्वतः जिवंत असल्याचा दाखला देतो. समोर उभा असतो, बोलत असतो, तरी दाखला लागतो. आपण आपण आहोत हे सिद्ध करणं फार अवघड काम आहे.

मिश्राजी म्हणाले, "सर, केस ऊपर भेजा है." तिथून पुढं केस वरच आहे.

* * *

एक छोटी गोष्ट मधे सांगायची राहिली. सखाराम आबा एकदा गुडघा दाखवून उठले आणि दारात थांबले.

"डॉक्टर, इतकी वर्सं मी तुमच्याकडं येतोय. तुम्ही काय बोलायचा ते मला कंदी कळलं न्हाई. मी नुसतं बरं म्हणायचो आन् गोळ्या घ्यायचो. आता शब्द न् शब्द कळतोय. सावकाश बोलताय, पुरं बोलताय. गुडघ्यातली गादी झिजलीय हे मला आज कळलं."

डॉक्टर म्हणाले, "ते भाऊसाहेबांसाठी, आबा. यांना पुन्हा म्हणायचं असतं ना. वाक्य अर्धं टाकलं की हे तोंडाकडे बघत बसतात."

"मग बघत ऱ्हावा," आबा मला म्हणाले.

* * *

सहा महिने संपले. ट्रस्टची समिती ओपीडी बघायला येणार, असं पत्र आलं. मशीन डॉक्टरांचं ऐकत नाही, भाऊसाहेबांचं ऐकतं, ही बातमी आप्पांपर्यंत पोचली होती. त्यांनी निरोप पाठवला की त्या दिवशी डॉक्टर स्वतः बोलतील, भाऊसाहेबांनी मधे पडायचं नाही. आदल्या दिवसापर्यंत मी मिश्राजींना चार फोन केले. केस वर होती.

त्या सकाळी उठलो तर माझा आवाज गेलेला. बायकोनं विचारलं, "चहा टाकू?" मी काही बोललो नाही. "का रुसलाय?" मी काही बोललो नाही. "काल भाजी खारट झाली म्हणून?" यावरही मी काही बोललो नाही, तेव्हा ती घाबरली. तिनं मला रिक्षात घातलं आणि डॉक्टरांकडे आणलं.

आत समिती भिंतीला लागून बसली होती. आप्पा मधे. सिंधू सिस्टरांचा चेहरा पडलेला. मी पहिला पेशंट.

डॉक्टरांनी डाव्या हातात टॉर्च धरून माझा घसा पाहिला. उजवा हात खिशात होता. मग ते टेबलाशी गेले. माइकची मान वळवून ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर आणली. सिस्टरांना म्हणाले, "पंखा बंद करा." आणि समोरच्या भिंतीकडे बघत, आप्पांना कळावं म्हणून मराठीत, सावकाश बोलायला लागले, एकेक वाक्य पुरं करत, गेले सहा महिने मला सांगत आले तसं.

पडद्यावर अक्षरं उमटत गेली. सिस्टर पुढं सरकल्या. आप्पा उठून टेबलाशी आले.  डॉक्टर थांबले तेव्हा आप्पांनी खिशातून चष्मा काढला आणि मोठ्यानं वाचलं :

"रुग्ण पुरुष. निवृत्त लिपिक. गेले सहा महिने रोज दुसऱ्याचं बोलणं आपल्या आवाजात बोलत आहे. त्यामुळे स्वरयंत्राला सूज. सात दिवस पूर्ण मौन. काळजीचं कारण नाही. आहार नेहमीचा, मेथीची भाजी चालेल."

एकही अक्षर चुकलेलं नव्हतं.

"मेथी कशापायी?" आप्पांनी विचारलं.

डॉक्टरांनी माइकची मान सरळ केली. माझी बायको खिडकीबाहेर बघायला लागली.

आप्पांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं. "आन् हे मशीन तर तुमचं ऐकत नव्हतं म्हणत्यात. मग हे झालं कसं?"

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. शेवटी डॉक्टरांनीही माझ्याकडे पाहिलं.

मी पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. सात दिवस पूर्ण मौन.

मोठ्या डॉक्टरांची ओपीडी शिरूरला रोज आणि दौंडला गुरुवारी, पूर्वीप्रमाणे चालू आहे. कंपनीकडून कळवण्यात आलं आहे की, नोंदलेल्या आवाजावर डॉक्टरांचं काम व्यवस्थित चाललेलं दिसतं, सबब आवाज बदलण्याचं कारण नव्यानं कळवावं. कारण कळवलं आहे. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.